लॉकरमधला कारकून

आमच्या शाखेत दोनशे चाळीस लॉकर आहेत. त्यांत लोक काय काय ठेवतात ते विचारायचं नसतं, आणि बावीस वर्षांच्या नोकरीत मी ते कधी विचारलेलंही नाही. पण त्यांत कोणी माणूस ठेवत नाही, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकतो. असं असूनही गेल्या दिवाळीपासून दर शनिवारी रात्री मी स्वतः एका लोखंडी लॉकरात शिरतो, दार ओढून घेतो आणि श्वास रोखून उभा राहतो. हा लॉकर सेवास्तोपोल नावाच्या अंतराळस्थानकावर आहे. साल २१३७. बाहेर माणसापेक्षा कितीतरी उंच, डोळे नसलेलं, लाळ गाळणारं एक जनावर फिरत असतं आणि ते मला शोधत असतं.

याला खेळ म्हणतात.

खेळाचं नाव 'एलियन: आयसोलेशन'. दिवाळीला माझा मेहुणा दुबईहून आला, तेव्हा त्याने आपलं जुनं प्लेस्टेशन ४, कॅमेऱ्यासकट, भाच्याला देऊन टाकलं. मालकी भाच्याची, विजेचं बिल माझ्या नावावर. चिरंजीव अकरावीत आहेत. अकरावीतला मुलगा घरात असतो म्हणजे काय, तर त्याच्या खोलीचं दार घरात असतं. त्या बंद दारामागून हिस्स हिस्स असे आवाज येऊ लागले, तेव्हा मी दार ठोठावून विचारलं, "काय चाललंय?" तर आतून उत्तर आलं, "बाबा, तुला नाही जमायचं. घाबरशील."

आता, घाबरणं ही गोष्ट मला जमत नाही असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. उलट त्यात माझा चांगला अभ्यास आहे. मी आत गेलो. चिरंजीवांनी मला थेट सान क्रिस्तोबल नावाच्या इस्पितळात नेऊन सोडलं. पहिल्या रात्री मी सतरा वेळा मेलो. त्यांतला एक मृत्यू तर मी चश्मा पुसत असताना झाला. रात्री साडेअकराला सौ. डोकावून म्हणाली, "अहो, झोपायचं नाही का?" मी म्हटलं, "हळू बोल, ते वर पाइपात आहे." तिने माझ्याकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि लाइट लावून निघून गेली. दिवा लागल्याबरोबर भीती गेली, पण डोळे दिपून मी अठराव्यांदा मेलो.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. कुठलंही खातं उघडलं की आधी मागील बाकी पाहायची, ही आमची शिकवण. तेव्हा या भीतीची मागील बाकी काय, म्हणजे घरबसल्या पैसे देऊन अंतराळात घाबरण्याची ही पद्धत निघाली कधी आणि काढली कोणी, हे शोधून काढल्याशिवाय मला चैन पडेना. पुढचे दोन रविवार मी त्यात घातले. चिरंजीवांनी अभ्यासात इतका वेळ घातला असता तर असो.

सुरुवात १९७८ पासून धरावी. त्या साली जपानात तायतो कंपनीच्या तोमोहिरो निशिकादो यांनी 'स्पेस इन्व्हेडर्स' काढला. पडद्यावर पंचावन्न परग्रहवासी, अकरा-अकराच्या पाच रांगांत, शिस्तीत खाली येतात. पेन्शनर लोक एक तारखेला माझ्या काउंटरकडे येतात, हुबेहूब तसे. एक एक टिपला की उरलेले अधिक वेगाने येऊ लागतात आणि त्याबरोबर धड् धड् असा चार सुरांचा ठोकाही वाढतो. लोकांच्या छातीत धडकी भरायची ती त्याने. गंमत अशी, की तो वेग मुळात कोणी ठरवलेलाच नव्हता. यंत्र बिचारं कमकुवत. पंचावन्न आकृत्या हलवताना त्याची दमछाक व्हायची, आणि आकृत्या कमी झाल्या की ते पळत सुटायचं. निशिकादोंनी ते तसंच ठेवलं. काम कमी झालं की वेग वाढतो, हा नियम मी आजवर फक्त यंत्रांतच पाहिला आहे. आमच्याकडे काम कमी झालं की चहा येतो.

पुढच्याच वर्षी, १९७९ मध्ये, रिडली स्कॉट यांचा 'एलियन' हा चित्रपट आला. गिगर नावाच्या स्विस चित्रकाराने त्यातलं जनावर रेखाटलं. मालवाहू यान, त्यातली पगारासाठी कुरकुरणारी माणसं, आणि त्यांच्यात शिरलेलं ते एकटं जनावर. अंतराळातसुद्धा लोक बोनसवरून भांडतात, हे दाखवणारा तो बहुधा पहिला मोठा चित्रपट असावा. त्या दृष्टीने तो मला युनियनचा चित्रपट वाटतो. त्याचा खेळ १९८२ साली अटारीच्या यंत्रावर निघाला, आणि काय निघाला म्हणाल, तर पॅकमॅन! चौकोनी बोळांतून हिंडायचं आणि ठिपक्यांऐवजी अंडी चिरडायची. म्हणजे जगाची झोप उडवणाऱ्या त्या जनावराला पहिली नोकरी मिळाली ती पोल्ट्रीवर.

त्याच सुमारास इंग्लंडात मात्र एका माणसाने खरी करामत केली. सिंक्लेअरच्या झेडएक्स ८१ या खेळण्याएवढ्या कॉम्प्युटरवर माल्कम इव्हान्स यांनी एक चक्रव्यूह उभा केला आणि त्यात एक डायनोसॉर सोडला. रंग नाही, आवाज नाही, स्मरणशक्ती अवघी सोळा किलोबाइट. आज माझ्या पगाराची पावती याहून जड असते. डायनोसॉर दिसायचा ठोकळे रचल्यासारखा. पण पडद्याच्या खालच्या बाजूला एक ओळ उमटायची, की तो तुमच्या शोधात आहे, पावलं जवळ येताहेत. बस, तेवढ्यावर लोक खुर्चीत आक्रसायचे. घाबरवायला चित्र लागतच नाही, सूचना पुरते. ज्यांनी कधी शाखेत "इन्स्पेक्शन येतंय म्हणे" एवढे तीन शब्द ऐकले आहेत त्यांना हे पटेल.

मधल्या काळाचा हिशेब थोडक्यात उरकतो. १९८९ मध्ये जपानच्या कॅपकॉमने 'स्वीट होम' नावाचा भुताच्या वाड्याचा खेळ काढला. त्यात मेलेला सवंगडी परत येत नसे. १९९२ मध्ये फ्रान्समध्ये 'अलोन इन द डार्क' आला. आणि १९९६ मध्ये शिंजी मिकामी यांचा 'रेसिडेंट ईव्हिल'. या खेळाने या धंद्याला 'सर्व्हायव्हल हॉरर' हे नाव मिळवून दिलं. मराठीत सांगायचं तर 'जगून दाखव!' शत्रू पुष्कळ, गोळ्या मोजक्या, खिसे त्याहून मोजके. पुरुष पात्र घेतलं तर फक्त सहा वस्तू बाळगता येतात, स्त्री पात्र घेतलं तर आठ. सौ.ची पर्स मी उचललेली आहे. जपानी लोकांचं निरीक्षण सूक्ष्म, पण आकडा फार कमी धरला.

पण मला त्या खेळातली आवडलेली गोष्ट वेगळीच. खेळाची नोंद करून ठेवायची, म्हणजे 'सेव्ह' करायची, तर वाड्यात ठिकठिकाणी ठेवलेल्या टाइपरायटरवर जायचं, आणि त्यासाठी शाईची रिबीन लागते. रिबिनी मोजक्याच! दर नोंदीला एक खर्ची पडते. भुतांनी भरलेल्या घरात माणूस सुरा नाही, बंदूक नाही, टाइपरायटरची रिबीन शोधत फिरतो आहे, हे चित्र पाहून मला भरून आलं. स्टेशनरीचा इंडेंट मंजूर न होण्याची व्यथा इतक्या लांबच्या देशात कोणाला तरी कळली होती. आणि त्यातली ती दारं! खोलीतून खोलीत जाताना काळोखात एकटं दार कुरकुरत सावकाश उघडतं, आणि आपला जीव टांगणीला लागतो. खरं कारण एवढंच, की तेवढ्यात यंत्र तबकडीवरून पुढची खोली वाचून घेत असतं. आम्हीही लिंक गेली की लोकांना थांबवून ठेवतो, पण आमचे ग्राहक घाबरत नाहीत, चिडतात. दार दाखवायला हवं होतं.

ही भीती वाड्यातून पुन्हा अंतराळात नेली ती १९९९ च्या 'सिस्टिम शॉक २' ने. त्यातल्या बंदुका वापरता वापरता झिजतात आणि ऐन वेळी बंद पडतात. आमच्या पासबुक प्रिंटरची मला तेव्हा फार आठवण आली. मग २००८ साली अमेरिकेत 'डेड स्पेस' आला. त्याच्या नायकाचं नाव आयझॅक क्लार्क. असिमोव्हकडून नाव घेतलं आणि आर्थर क्लार्ककडून आडनाव, पण मला आपलं उगाच वाटलं की आपल्यातला कोणी आहे. तो शिपाईगडी नाही, दुरुस्तीला आलेला इंजिनिअर आहे. हातात बंदूक नसून खाणीत दगड कापायचं हत्यार आहे, आणि समोरच्या राक्षसाचं डोकं उडवून उपयोग नसतो, हातपाय कापावे लागतात. पडद्याच्या कडेला वेगळ्या पट्ट्या कुठेच नाहीत. त्याची तब्येत किती उरली आहे हे त्याच्याच पाठीच्या कण्यावरच्या दिव्यांवर दिसतं. म्हणजे स्वतःची शिल्लक स्वतः सोडून इतर सगळ्यांना दिसते. महिनाअखेरीला माझी अशीच दिसत असावी. तो काढणारा स्टुडिओ २०१७ मध्ये बंद झाला, आणि खेळ मात्र २०२३ मध्ये दुसऱ्यांनी नव्याने बांधून काढला. कारकून जातो, खातं चालूच राहतं.

आता एक प्रकरण सांगतो ते खास आमच्या बिरादरीसाठी. २०१३ मध्ये एलियनचाच एक मोठा खेळ आला, 'एलियन्स: कलोनियल मरीन्स'. सगळ्यांनी त्याला झोडपून काढलं. त्यातली जनावरं म्हणे वेंधळी. भिंतीवर आपटतात, समोर येऊन उभी राहतात. पुढे २०१८ साली जगजाहीर झालं, की खेळाच्या सेटिंगच्या फायलीत एका ओळीत 'टेदर', म्हणजे आपलं गुरं बांधायचं दावं, या इंग्रजी शब्दात 'ए' हे अक्षर चुकून जास्त पडलं होतं. त्यामुळे जनावरांनी कुठे दबा धरायचा ही सूचना त्यांना पोचतच नव्हती. एका हौशी खेळाडूने ते अक्षर खोडलं आणि जनावरं शहाणी झाली! एवढा मोठा खेळ एका अक्षराने बुडावा? तो तेवढ्यानेच बुडाला नाही असं जाणकार म्हणतात. मला मात्र ते तेवढ्यानेच बुडाला असं मानायला आवडतं. बारा रुपये साठ पैशांच्या फरकासाठी मी एकदा रात्री साडेनऊपर्यंत शाखेत बसलेलो आहे. मला कोणी हसू नये.

या फजितीच्या पुढच्याच वर्षी, ७ ऑक्टोबर २०१४ रोजी, माझा लॉकर बाजारात आला. करणारी मंडळी इंग्लंडातल्या हॉर्शम गावची, क्रिएटिव्ह असेंब्ली. तोवर यांची ख्याती काय, तर हजारो सैनिकांच्या लढायांचे खेळ. त्यांनी ठरवलं की आता एकच शत्रू, आणि तो मरणार नाही. ज्वाला फेकून त्याला घटकाभर पळवता येतं, एवढंच. मूळ चित्रपटाच्या कंपनीने त्यांना तीन टेराबाइट भरतील इतके जुने फोटो, आराखडे, कागदपत्रं दिली. त्यावरून यांनी नियम घातला, की १९७९ सालच्या माणसाला सुचलं असतं तेवढंच भविष्य दाखवायचं. म्हणून २१३७ सालात डबडं टीव्ही, हिरवी अक्षरं आणि खडखडणारे कीबोर्ड आहेत. पडद्यावरची चित्रं जुनी दिसावीत म्हणून या लोकांनी ती खरोखर व्हीएचएस टेपवर उतरवली आणि जुन्या टीव्हीशेजारी लोहचुंबक फिरवून बिघडवली. आमच्याकडे असा बिघाड आणण्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही.

त्या जनावराला दोन मेंदू आहेत. एक त्याचा स्वतःचा. तो फक्त ऐकतो, बघतो, हुंगल्यासारखं करतो आणि शोधतो. दुसरा वर बसलेला, त्याला 'डायरेक्टर' म्हणतात. डायरेक्टरला मी कुठल्या लॉकरात आहे हे पक्कं ठाऊक असतं, पण तो जनावराला सांगत नाही. "त्या बाजूला बघ जरा" एवढंच सुचवतो. आणि माझा जीव फारच कासावीस झाला, जनावर फार वेळ माझ्या आसपास घुटमळलं, की तोच त्याला परत वर पाइपात बोलावून घेतो, म्हणजे मला दोन श्वास घेता यावेत. हे वाचून मी अवाक झालो. अंतराळातल्या राक्षसाला इतका कनवाळू वरिष्ठ!

अमेरिकेच्या आयजीएनने या खेळाला दहापैकी ५.९ गुण दिले. म्हणजे एकोणसाठ टक्के. एका टक्क्याने फर्स्ट क्लास हुकला! माझ्या बी.कॉम.ला नेमकं हेच झालं होतं, त्यामुळे मी या खेळाचा कायमचा मित्र झालो. बाकीच्यांनी पुष्कळ वाखाणला, पण मार्च २०१५ पर्यंत एकवीस लाख प्रती खपूनही मालकांचं समाधान झालं नाही. दुसरा भाग करतो आहोत असं सांगायला त्यांना बरोबर दहा वर्षं, म्हणजे ऑक्टोबर २०२४ उजाडावा लागला. एवढ्यात आमच्याकडे दोन वेतनकरार होतात.

यात एक सोय अशी आहे, की प्लेस्टेशनच्या कॅमेऱ्यातला मायक्रोफोन चालू केला तर खोलीतला खरा आवाज त्या जनावराला ऐकू जातो. चिरंजीवांनी ती सोय मला न सांगता चालू केली. मी लॉकरात. जनावर दारापाशी. मी श्वास रोखण्याचं बटण दाबून धरलेलं. तेही फार वेळ दाबता येत नाही, जीव घुसमटतो. अशा वेळी स्वयंपाकघरातून आमच्या पाच लिटरच्या कुकरने शिट्टी दिली. जनावराने मान वळवली. अडतीस वर्षांपूर्वी गणिताच्या मास्तरांनी अशी मान वळवली होती. पुढचं सांगत नाही. "अगं, खिचडी नंतर लाव!" असं ओरडलो, तर त्या आवाजाने पुढचाही डाव गेला.

तर माझ्या बाजूने जी लॉकरात उभी असते ती अमांडा रिप्ली. तीही इंजिनिअर. १९७९ च्या चित्रपटातली नायिका एलन रिप्ली, तिची ही मुलगी. आई पंधरा वर्षांपूर्वी यानासकट बेपत्ता झाली. यानाची नोंदपेटी या स्थानकावर सापडली असं कळलं, म्हणून ही आली. स्थानकही बघण्यासारखं आहे. कंपनीने ते बंद करायला काढलेलं, निम्मी माणसं आधीच घरी पाठवलेली, भिंतींवर सूचना, बांधून ठेवलेलं सामान. १ एप्रिल २०२० ला दहा सरकारी बँकांच्या चार झाल्या, त्यानंतर काही शाखा मी अगदी अशाच पाहिल्या. जनावर तेवढं नव्हतं.

ज्यांनी १९८६ सालच्या दुसऱ्या चित्रपटाची पुढे निघालेली लांब आवृत्ती पाहिली आहे त्यांना ठाऊक असतं, की आईने लेकीला अकराव्या वाढदिवसाला घरी येईन असं कबूल केलं होतं. ती आली सत्तावन्न वर्षांनी, यानात झोपलेली सापडली तेव्हा. लेक तोवर सहासष्टाव्या वर्षी वारली होती. म्हणजे मी हा खेळ कितीही चांगला खेळलो, लॉकरांतून कितीही शिताफीने निसटलो, तरी अमांडाला आई भेटायची नाही. हे मला चिरंजीवांनी सांगितलं. मी विचारलं, "मग खेळायचं कशाला?" तो म्हणाला, "तिला कुठे माहितीये?"

माझे वडील पाटबंधारे खात्यात होते. आज या धरणावर, उद्या त्या कालव्यावर. महिन्यातून एका शनिवारी घरी यायचे. मला त्यांच्या चेहऱ्यापेक्षा त्यांची खाकी बॅग जास्त पाठ होती. माझा अकरावा वाढदिवस बुधवारी आला होता. बुधवारी ते कसे येणार? त्याच कारणाने, कारकुनाचा ऑफिसर होण्याची संधी दोनदा आली तेव्हा मी ती दोन्ही वेळा सोडली. ऑफिसर झालं की बदली. कदाचित ओडिशा, कदाचित आसाम. मी म्हटलं, नको, मी घरी राहीन. राहिलो. मग मुलगा अकरावीत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

यंदा परत सर्क्युलर आलं आहे. वयाच्या हिशेबाने बहुधा हे शेवटचं. अर्ज भरून ड्रॉवरमध्ये ठेवला आहे, सही तेवढी राहिली आहे. मुदत सोमवारी पाच वाजेपर्यंत.

परवाच्या शनिवारी इस्पितळातून शेवटी बाहेर पडलो. सेव्हची पेटी समोर, कार्ड घातलं की तीन दिवे एकामागून एक लागेपर्यंत थांबायचं. तेवढ्या वेळातही जनावर मागून येऊ शकतं. मी वाटेतल्या लॉकरात थांबलो होतो.

"बाबा, तू आत फार वेळ राहतोस," चिरंजीव म्हणाले. "फार थांबलास की ते शोधून काढतं."

"मग काय करू?"

"बाहेर पड आणि चालत जा. धावू नकोस."

मी बाहेर पडलो. चालू लागलो. पेटीपर्यंत पोचलो. पहिला दिवा लागला.

"आई म्हणत होती तुझी बदली होईल."

"अजून सही नाही केली."

दुसरा दिवा.

"मग प्लेस्टेशन?"

"ते तुझंच आहे. इथेच राहील."

"ते नाही रे. तू तिकडे शनिवारी काय करणार?"

एवढ्यात कुकरची शिट्टी झाली.